मुंग्यांचा साबुदाणा

“आलीस? चपला नको काढूस. तशीच मागं ये आणि तुझ्या लाडकीनं काय दिवे लावलेत ते आपल्या डोळ्यांनी बघ.”

निपाणीच्या एसटीतून उतरून मी नुकती दारात आले होते. हातात कपड्यांची पिशवी आणि रिकामा डबा. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. एरवी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहणारं माणूस. त्या दिवशी त्यांनी पाणी विचारलं नाही, बहिणीचं ऑपरेशन कसं झालं तेही विचारलं नाही. त्या पुढं, मी मागं, अशा आम्ही स्वयंपाकघरातून परसात गेलो.

परसात माझा तुळशीचा वाफा होता. आठ ओळी. त्यातल्या पाच जळून गेल्या होत्या. पानं कडांकडून करपत आत वळली होती, चहाच्या चोथ्यासारखी. मंजिऱ्या खाली लोंबत होत्या. मोरीकडच्या तीन ओळी तेवढ्या हिरव्या होत्या.

“शनिवारी कीर्तनाहून आले तर ही बया वाफ्यात,” अक्का म्हणाल्या. “बाहेरची झालेली. आदल्याच दिवशी कावळा शिवलेला. आणि हातात बादली. मी ओरडले नसते तर त्या तीन ओळीही गेल्या असत्या. तिथवर तिचा हात पोहोचला नाही म्हणून वाचल्या म्हणायच्या.”

“शलाका कुठं आहे?”

“असेल मागच्या खोलीत. आज न्हाली. न्हाऊन काय होतंय? झालं ते झालं.”

कुरुंदवाडात आमची दोन घरं एकाच आवारात आहेत, पण चूल एक. थोरले भाऊजी, अक्का, त्यांचा मुलगा केदार आणि मी. आमचे हे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. केदारचं लग्न त्याच माघात झालं आणि आटपाडीहून शलाका घरात आली. फाल्गुनात मी तुळशीची लाखोली धरली होती. रोज पहाटे अंघोळ करून तुळस तोडायची आणि देवाची हजार नावं घेत एकेक पान वाहायचं. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, म्हणून त्या दिवसाची आदल्या दिवशीच तोडून ठेवायची. गावाला जायचं झालं तर ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यातून न्यायची. तुळस शिळी होत नाही. निपाणीला मी तशीच नेली होती. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, आणि अधिकातल्या दुसऱ्या एकादशीला लाखोलीचं उद्यापन ठरलं होतं. म्हणजे परवा.

उद्यापनाला पाटावर जोडपं लागतं. मी एकटी. म्हणून केदार आणि शलाका बसणार होते. शलाकाचे आईवडील आटपाडीहून येणार होते. लेकीला सासरच्या मोठ्या पूजेचा मान पहिल्यांदाच मिळणार, म्हणून तिच्या आईनं नवं लुगडं घेतल्याचं शलाका मला दहादा सांगून बसली होती.

“ती पाटावर बसणार नाही,” अक्का म्हणाल्या. “मी आणि हे बसतो. तिच्या आईबापांनाही कळू दे, लेकीला काय वळण लावून पाठवलंय ते. मी चारचौघांत सांगणार आहे.”

“अक्का, जरा थांबा.”

“काय थांबा? तुझी तुळस गेली, लाखोली गेली, आणि तूच म्हणतेस थांबा? तुझं हे असंच. जीभ आहे की नाही तुझ्या तोंडात, असं वाटतं कधीकधी.”

मला राग येतो. लोकांना वाटतं येत नाही, कारण माझा आवाज बारीक आहे.

मागच्या खोलीत शलाका तांदळाच्या पोत्याला टेकून बसली होती. रडून झालं होतं. मला बघून उठली आणि दोन पावलं मागं सरली.

“काकू, शिवू नका. आई म्हणतात अजून चार दिवस मी कशालाच शिवायचं नाही.”

मी तिचा हात धरला आणि तिला पोत्यावर बसवलं.

“काय झालं ते सांग. पहिल्यापासून.”

“तुम्ही जाताना म्हणाला होता ना, माझ्या तुळशीवर लक्ष ठेव. शनिवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी खिडकीतून बघितलं तर सगळ्या तुळशींनी माना टाकलेल्या. एखाददुसरीनं नाही, सगळ्यांनी. मला वाटलं उन्हानं झालंय. संध्याकाळपर्यंत कोण येतंय आणि कोण पाणी घालतंय! मला माहीत होतं काकू, जायचं नाही ते. पण डोळ्यांदेखत…”

“मग?”

“मोरीच्या नळाखाली बादली लावली. एकेका झाडाला भरपूर घातलं. बादलीवर बादली. पाणी वाहून मोरीत जाईस्तोवर. मग आई आल्या.” तिनं नाक पुसलं. “ते मुंग्यांचं मात्र माझ्यामुळं वाहून गेलं.”

“कसलं मुंग्यांचं?”

“तुम्ही घातलेला साबुदाणा. बुंध्याबुंध्याशी होता की. मला वाटलं, अधिकात तुम्ही मुंग्यांना साखर घालता तसा या वेळी साबुदाणा घातलाय. पाण्याबरोबर सगळा विरघळून गेला. म्हटलं, तुम्ही रागावाल.”

मी मुंग्यांना साखर घालते, पीठ घालते. साबुदाणा घालत नाही. आणि साबुदाणा गार पाण्यात विरघळत नाही. आटपाडीच्या या पोरीला स्वयंपाकाची फारशी सवय नव्हती.

“कुठून कुठवर पाणी घातलंस?”

तिनं खिडकीतून बोट दाखवलं. मी त्या बोटाच्या दिशेनं बघितलं आणि मग बराच वेळ बघतच राहिले.

“काकू, मी खरंच विटाळानं…”

“गप,” मी म्हणाले. “तो शब्द परत काढू नकोस.”

मी परसात गेले. जळक्या ओळीतल्या एका तुळशीशी बसले आणि बुंध्याशी साचलेला पालापाचोळा बाजूला केला. खाली मळकट पांढरे दाणे होते. थोडेथोडके नाहीत, मुठीनं ओतल्यासारखे, खोडाला चिकटून. काही ओल लागून एकमेकांना धरून बसले होते, खालच्या मातीवर खपली धरली होती. माती मात्र कोरडी, हातात घेतली की भुगा व्हावी अशी. मी तुळस धरून हलवली तर ती मुळासकट हातात आली. मुळं तपकिरी, मऊ.

फडताळाखाली माझी दाणेदार खताची पिशवी होती. जास्वंदीला आणि तगरीला म्हणून आणलेली, मृग सरेपर्यंत उघडायची नाही म्हणून सुतळीनं बांधून ठेवलेली. सुतळी बाजूला पडली होती आणि तळाला मूठभर दाणे उरले होते.

हे खत कसं घालायचं ते मला एका मोगऱ्यानं शिकवलं होतं, फार पूर्वी, मरून. जमीन आधी ओली हवी. सकाळी घालावं नाहीतर ऊन उतरल्यावर. झाडाला चिमूटभर पुरतं. खोडापाशी कधी नाही, फांद्यांची सावली जिथं संपते तिथं गोल फिरवून. मग खुरप्यानं माती हलवून ते झाकायचं आणि वरून पोटभर पाणी. कोरड्या मातीत, भर उन्हात, मुळावर ओतलं की ते मुळातलंच पाणी शोषून घेतं. मीठ चोळून उन्हात ठेवल्यासारखं झाड भाजून निघतं. हे सगळं मी चैत्रात भाऊजींना सांगितलंही होतं, कारण त्यांनी तेव्हाही पिशवीला हात घातला होता. ते हसले होते. “यमुना, मी तीस वर्षं शेतकऱ्यांच्या सोसायटीत काढली. खत मला शिकवतेस?”

भाऊजी निवृत्त झाल्यापासून घरातलं प्रत्येक काम आपल्याला येतं, असं त्यांचं मत होतं. नळ दुरुस्त करायला गेले की प्लंबर बोलवावा लागायचा.

मंगळवारी सकाळी अक्का फराळाचं सामान आणायला बाजारात गेल्या आणि मी झोपाळ्यापाशी जाऊन उभी राहिले. भाऊजी पेपर वाचत होते.

“भाऊजी, खताची पिशवी कुणी उघडली?”

“कसली पिशवी?”

“फडताळाखालची.”

“ती होय. मीच घेतली शुक्रवारी. तुझ्या लाखोलीनं तुळस पार ओरबाडून निघाली होती. व्याही यायचे, चार माणसं यायची. म्हटलं जरा टवटवीत दिसू दे.”

“किती वाजता घातलंत?”

“जेवण झाल्यावर. ऊन चांगलं होतं. म्हटलं लवकर मुरेल.”

“आधी पाणी?”

“वरून शिंपडलं की झारीनं.”

“बुंध्याशी घातलंत.”

“मग काय शेंड्यावर घालू? मुळं खालीच असतात ना?” ते हसले. मग माझ्याकडं बघितलं आणि हसायचे थांबले. पेपरची घडी केली. ती घडी त्यांनी फार सावकाश केली, आणि तेवढ्या वेळात त्यांना सगळं कळलं हे मला दिसलं. किंवा कळलेलं आधीचंच होतं, फक्त मी ते आता पाहिलं.

“असेल,” ते म्हणाले. “थोडं जास्त झालं असेल.”

“मग अक्कांना सांगा. आज, आत्ता, त्या आल्या की. पोर तीन दिवस मागच्या खोलीत बसलीय.”

“हे बघ यमुना. तुला म्हणून सांगतो. बायकांच्या त्या गोष्टीत मी पडत नाही.”

“ही बायकांची गोष्ट नाही. खताची आहे.”

“एकच ते. ती पोर आहे. चार दिवस बोलणी खाईल, आठव्या दिवशी विसरेल. सगळ्याच सुना खातात, तू नाही खाल्लीस? माझं तसं आहे का? घरातला कर्ता माणूस मी. व्याह्यांसमोर काय सांगू, तुळशी मी जाळल्या म्हणून? तुझ्या लाखोलीच्या? आणि त्या दिवसांत तिनं वाफ्यात जायला नको होतं, हे काय खोटं आहे? तेवढी अद्दल घडायला हवीच.”

माझ्या कानांत नळ सुरू झाल्यासारखा आवाज येत होता.

“आणि दुसरं,” ते झोपाळ्याला पाय लावून म्हणाले, “तुझा अधिक चाललाय. या महिन्यात क्रोध करू नये. इतके दिवस पाळलंस, शेवटी शेवटी कशाला मोडतेस? देवाला आवडायचं नाही.”

माझ्या नेमाची त्यांना काळजी!

अक्का रागावल्या होत्या ते मला सोसलं असतं. अक्कांना खरंच वाटत होतं, की विटाळानं तुळस जळते. त्यांच्या सासूनं त्यांना तसं सांगितलं होतं, आणि त्यांना त्या दिवसांत गोठ्याशेजारी बसवलं होतं. पण या माणसाला ठाऊक होतं. ठाऊक असून तो झोपाळ्यावर बसून बायकोचं ओरडणं ऐकत होता, चहा पीत होता, आणि वर देवाच्या नावानं मला बजावत होता.

त्या दिवशी पूजेला संध्याकाळ झाली. देवाची हजार नावं घेताना मी तीनदा चुकले. इतक्या वर्षांत चुकले नव्हते. शेवटी पानं तशीच ताम्हनात ठेवली आणि देवाला म्हणाले, “मला राग आलाय. तुला चालत नसेल तर काढून घे.” त्यानं काढून घेतला नाही.

एकादशीला सकाळीच व्याही आणि विहीणबाई आले. व्याह्यांची आटपाडीला डाळिंबाची बाग होती. उन्हानं रापलेला, कमी बोलणारा माणूस. विहीणबाईंनी खरंच नवं लुगडं नेसलं होतं. मोतिया रंगाचं, जरा कडक, त्यांना सारखं सावरावं लागत होतं. नाना गुरुजींनी चौरंग मांडला होता. स्वयंपाकघरात साबुदाणा भिजत होता, वऱ्याचे तांदूळ निवडून ठेवले होते. केदार दाराशी हाताची घडी घालून उभा होता, त्याच्या तोंडावरची रेषसुद्धा हलत नव्हती. आईला उलटून बोलायचं बळ त्याच्यात नव्हतं आणि बायकोकडं बघायचंही.

भाऊजी पूजेचा रेशमी कद नेसून बाहेर आले. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. पाटावर बसायला.

“आमची शलाका कुठं दिसत नाही?” विहीणबाईंनी विचारलं.

अक्का त्याच प्रश्नाची वाट बघत होत्या. “आहे मागच्या खोलीत. ती बसणार नाही पूजेला. का ते तिलाच विचारा. नाहीतर मीच सांगते. नको त्या दिवसांत आमच्या तुळशीच्या वाफ्यात शिरली. शिरली ती शिरली, हातानं पाणी घातलं. दोन दिवसांत वाफा जळून कोळसा झाला. यमुनाची लाखोली होती त्यावर. आमच्याकडं पाळतात हो हे सगळं. तुमच्याकडं काय पद्धत आहे, आम्हाला माहीत नाही.”

व्याही खाली बघू लागले. विहीणबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. “पोर अजाण आहे,” त्या म्हणाल्या. “चुकलं असेल. आम्हीच शिकवायला कमी पडलो. एवढ्या वेळी पदरात घ्या.” आणि ते कडक नवं लुगडं सावरत त्या अक्कांचे पाय धरायला वाकल्या.

भाऊजी तिथंच उभे होते. दोन हातांवर. ते उपरणं नीट करत होते.

“विहीणबाई, उठा,” मी म्हणाले.

माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता. पण बहुतेक त्यात काहीतरी असावं, कारण गुरुजींच्या हातातली पळी थांबली.

“पाया पडायचं तर मग पडा. आणि कुणाच्या ते तेव्हा ठरवा. आधी सगळे मागं चला.”

“यमुना, मुहूर्त आहे,” भाऊजी म्हणाले.

“देव थांबतो, भाऊजी. तुम्ही पुढं व्हा.”

परसात ऊन आलं होतं. मी शलाकाला खोलीतून बाहेर बोलावलं आणि माझ्या शेजारी उभं केलं. तिनं आईला बघितलं आणि मान खाली घातली. सगळे वाफ्याच्या कडेनं उभे राहिले. भाऊजी कद वर धरून, पायाला माती लागू नये म्हणून एका विटेवर.

“भाऊजी, दाणेदार खत कधी घालायचं हो?”

“हे काय आत्ता…”

“सोसायटीत तीस वर्षं काढलीत ना? सांगा. मी बाईमाणूस, विसरते.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत आधी दटावणं होतं, मग विनवणी. मी नजर काढली नाही. थोरल्या दिरांकडं मी तशी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

“जमीन ओली असताना,” ते म्हणाले.

मी जळक्या ओळीतली मूठभर माती उचलून केदारच्या हातावर ठेवली. “केदार, ही ओली आहे?”

“नाही काकू. राख झालीय.”

“कुठल्या वेळी घालायचं, भाऊजी?”

“सकाळी. नाहीतर ऊन उतरल्यावर.”

“दुपारी जेवून उठल्यावर?”

“नाही.”

“किती?”

“चिमूटभर.”

“खोडापासून?”

“लांब.”

“किती लांब ते सांगा ना. अर्धवट सांगितलं की लोक चुकतात.”

“फांद्यांची सावली संपते तिथं. गोल फिरवून.” त्यांच्या कपाळावरचं गंध घामानं खाली यायला लागलं होतं. “मग माती हलवून झाकायचं. आणि भरपूर पाणी.”

“झारीनं?”

त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

मी खाली बसले आणि पालापाचोळा बाजूला केला. पांढरे दाणे खोडाला बिलगून बसलेले होतेच. व्याही दोन पावलं पुढं आले, उकिडवे बसले, चिमटीत दोन दाणे घेऊन चुरगळले, वास घेतला.

“अहो, हे खत आहे,” ते म्हणाले. “बुंध्यालाच ओतलंय सगळं. मुळं उकडून निघाली असणार. कुणी घातलं हे?”

शेजारच्या छपरावर कबुतरं घुमत होती तेवढीच.

“शलाका,” मी म्हणाले, “शनिवारी तू पाणी कुठून कुठवर घातलंस, ते तुझ्या वडिलांना दाखव.”

“मोरीपासून,” ती पुटपुटली. “ही ओळ, ही, आणि ही. चौथीला बादली लावणार तेवढ्यात आई आल्या.”

ती बोट दाखवत होती त्या तीन ओळी हिरव्यागार होत्या.

आधी कळलं ते व्याह्यांना. ते उठून उभे राहिले आणि लेकीकडं बघत राहिले. मग केदारला. अक्का एकदा हिरव्या ओळींकडं बघत होत्या, एकदा जळक्या. “म्हणजे…” त्या म्हणाल्या, “म्हणजे तिनं जिथं…”

“हो अक्का. जिथं तिचा हात लागला तेवढीच जगली. पाण्यानं खत धुऊन मोरीत गेलं. तुम्ही तिला जिथून हाकललंत तिथून पुढची मेली.”

“पण मग खत…” अक्का वळल्या. नवऱ्याकडं बघितलं. विटेवर उभ्या असलेल्या, कद वर धरलेल्या त्या माणसाकडं. “अहो? तुम्ही?”

“चांगल्यासाठीच घातलं होतं,” भाऊजी म्हणाले. “मला काय माहीत…”

“कालपासून माहीत आहे,” मी म्हणाले. “निदान कालपासून. मी सांगितलंय.”

“चार दिवस!” अक्कांचा आवाज फाटला. “चार दिवस मी गल्लीला ऐकू जाईल असा घसा फोडतेय, पोरीला पोत्यापाशी बसवलंय, आत्ता हिच्या आईला माझ्या पायाशी… आणि तुम्ही झोपाळ्यावर बसून ऐकत होतात? आणि वर कद नेसून माझ्याशेजारी पाटावर बसायला निघालात?”

भाऊजी विटेवरून उतरले आणि घरात गेले. कद मातीत घासला.

अक्कांनी पदर खोचला. मग शलाकाकडं न बघता म्हणाल्या, “तरी पण त्या दिवसांत वाफ्यात जायला नको होतंस.”

“गेली म्हणून तीन ओळी उरल्या, अक्का,” मी म्हणाले. “पुरे करा आता.”

पाटावर केदार आणि शलाका बसले. तुळस मी शलाकालाच तोडायला लावली, त्या तीन ओळींतून. ती पानं खुडत होती आणि तिची आई पदरानं तोंड झाकून रडत होती. नवं लुगडं पार चुरगळलं होतं. गुरुजी एकेक नाव घेत होते. मध्येच पानं संपली. बरीच नावं उरली होती.

“हरकत नाही,” गुरुजी म्हणाले. “तुळस शिळी होत नाही. वाहिलेलीच धुऊन पुन्हा वाहा. शास्त्रात चालतं. लाखोली पुरी होईल.”

“नको,” मी म्हणाले.

“अहो, एवढ्या महिन्यांचा संकल्प. थोडक्यासाठी अपुरा ठेवता?”

“राहू दे अपुरा. का अपुरा राहिला ते देवाला माहीत असू दे आणि या घराला पण.”

गुरुजींनी पाणी सोडलं. त्या दिवशी फराळाला भाऊजी आले नाहीत. अक्कांनी त्यांना ताट नेऊन दिलं नाही. विहीणबाईंच्या ताटात मात्र साबुदाण्याची खिचडी त्यांनी तीनदा वाढली, बळंच. एवढंच त्यांना जमलं.

याला आता बरीच वर्षं झाली. वाफा पुन्हा लावला आहे. तो शलाकाच बघते, महिन्याचे सगळे दिवस. अक्का त्यातले काही दिवस परसाचं दार ओढून घेतात आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतात. पण दार ओढून घेतात तेवढंच.

दरवर्षी मृग सरला, जमीन आतपर्यंत भिजली, की एका संध्याकाळी शलाका खुरपं घेऊन वाफ्यात बसते आणि मी पिशवीची सुतळी सोडते. मग झोपाळ्याकडं तोंड करून हाक मारते, “भाऊजी, खत घालायचंय. सांगायला या.”

आता त्यांना काठी लागते. तरी ते येतात. न येऊन चालत नाही, कारण हाक अक्काही ऐकतात आणि केदारही. वाफ्याच्या कडेला उभे राहतात आणि सांगतात. जमीन ओली हवी. ऊन उतरलेलं हवं. चिमूटभर. खोडापासून लांब, फांद्यांची सावली संपते तिथं. झाकायचं. भरपूर पाणी. शलाका तसं तसं करत जाते. तिला केव्हाच पाठ आहे. सगळ्यांनाच पाठ आहे.

सगळं सांगून झालं की मी जरा थांबते. अजून एक वाक्य राहिलंय असं मला वाटतं, त्यांनी त्या पोरीकडं बघून म्हणायचं. ते काठी टेकत झोपाळ्याकडं परत जातात.

मग मी सुतळी बांधते. पुढच्या वर्षी परत बोलावीन.